राखणीचा कुत्रा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

संकटकाळाच्या तयारीबद्दलच्या पत्रांपैकी राखणीच्या कुत्र्याविषयीची काही पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: पूर, भूकंप किंवा बरेच दिवस वीज नसणं अशा काळात घराची राखण करायला कुत्रा घ्यायचा आहे. घरात आम्ही दोघं आणि आठ व पाच वर्षांची मुलं. भोवती अंगण आणि कुंपण आहे. याआधी कुत्रा पाळलेला नाही. रॉटवायलर, डॉबरमन की जर्मन शेफर्ड यावर घरात एकमत होत नाही. कोणता घ्यावा?

उत्तर: आधी काम ठरवा, जात नंतर. राखणीत तीन निरनिराळी कामं येतात. चाहूल लागली की कळवणं, अंगापिंडानं आणि आवाजानं धाक बसवणं, आणि अगदीच वेळ आली तर अंगावर जाणं. पहिलं काम दहा किलोचा कुत्राही चोख करतो, कित्येकदा मोठ्यापेक्षा लवकर. धाकासाठी २५ ते ३५ किलो वजन आणि घोगरा, भरदार आवाज पुरतो. तिसऱ्या कामाची वेळ फार थोड्या घरांवर येते, आणि त्यासाठी निवडलेला कुत्रा नवख्या हातात पडला तर चोरापेक्षा शेजाऱ्याला आणि मुलांच्या मित्रांना धोका जास्त. तुमच्या घराला पहिली दोन कामं करणारा कुत्रा हवा.

तुम्ही लिहिलेल्या तिन्हींत नवख्यांना शिकवायला त्यातल्या त्यात सोपा जर्मन शेफर्ड. मात्र त्याच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष आणि म्हातारपणी मागचे पाय लुळे पडण्याचा आजार आढळतो, म्हणून आईबापांच्या खुब्यांचे, वयाच्या दोन वर्षांनंतर काढलेले एक्स-रे मागा. डॉबरमनचे केस आखूड, अंगावर चरबी कमी. थंडीत गरम न केलेल्या घरात तो कुडकुडतो. शिवाय या जातीत हृदयाचा स्नायू सैल पडण्याचा आजार बराच आहे आणि कधीकधी त्याचं पहिलं लक्षण म्हणजे अचानक मृत्यू. आईबापांच्या हृदयाची सोनोग्राफी आणि २४ तासांचा ईसीजी झालेला नसेल तर तिथून पिल्लू घेऊ नका. रॉटवायलर शांत आणि भक्कम, पण उन्हात लवकर तापतो, आणि ४५ ते ५० किलोचा नर हिसका देऊन निघाला तर तुमच्यापैकी कोणालाच आवरणार नाही. मॅलिनॉइसचं (पोलीस-सैन्यात कामाला ठेवतात ती बेल्जियन जात) नाव तुम्ही घेतलेलं नाही ते बरंच झालं. रोज दोन तास काम दिलं नाही तर तो स्वतः काम शोधतो, आणि ते बहुधा सोफ्याचं असतं.

एक पर्याय मात्र तुमच्या यादीतून सुटला आहे: तुमच्याच हवामानात वाढलेला, २० ते २५ किलोचा, मिश्र जातीचा, पूर्ण वाढलेला कुत्रा. तिथली हवा त्याच्या अंगवळणी पडलेली असते, खाणं कमी लागतं, कान तिखट असतात. ठरावीक जातीच्या कुत्र्यासारखा त्याचा स्वभाव आधी सांगता येत नाही, म्हणून तो पिल्लू असताना न घेता मोठा झाल्यावर, पारखून घ्यावा.

प्रश्न: पारखायचा म्हणजे नेमकं काय बघायचं? आणि पिल्लू घेऊन आपल्या वळणाचं करणं जास्त चांगलं नाही का?

उत्तर: पिल्लू घ्यायला हरकत नाही, फक्त दोन वर्षांचा हिशेब धरा. राखणीची खरी जाण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येते. सहा महिन्यांचं पिल्लू पावलांच्या आवाजावर भुंकलं की लोक खूश होतात. बहुतेक वेळा ते घाबरलेलं असतं. पिल्लू आठ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडू नये. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याला जे भेटतं ते त्याच्या लेखी जन्मभर ‘नेहमीचं’ होतं. टोपी घातलेली माणसं, काठी टेकणारे म्हातारे, जनरेटरचा आवाज, निसरडी फरशी, पाण्यातून चालणं, गाडीतला प्रवास हे सगळं त्या काळात रोज थोडं थोडं दाखवा. ‘राखणीचा कुत्रा आहे, लोकांत मिसळू देऊ नका’ हा सल्ला सरसकट दिला जातो आणि त्यातूनच येणाऱ्या-जाणाऱ्याला मागून चावणारी भित्री कुत्री तयार होतात. नेहमीचं काय हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, त्यालाच वेगळं काही झालेलं कळतं.

दीड-दोन वर्षांचा कुत्रा बघायला दोनदा जा. पहिल्या भेटीत तो फाटकाशी कसा भुंकतो ते बघा. वजन पुढच्या पायांवर, शेपूट पाठीच्या रेषेत किंवा वर आणि मालकानं सांगितल्यावर थांबतो, हे चांगलं. भुंकता भुंकता मागे सरकतो, शेपूट पोटाखाली घालतो, तुम्ही वळलात की धावून येतो, असा कुत्रा सोडून द्या. मग चार-पाच मीटरवर पत्र्याचं ताट जमिनीवर टाका. दचकला तर काही बिघडलं नाही, सावरायला किती वेळ लागतो ते मोजा. दहा-पंधरा सेकंदांत ताट हुंगायला गेला तर उत्तम. पाच मिनिटांनीही कोपऱ्यात बसून असेल तर मेघगर्जनेत किंवा स्फोटाच्या आवाजात तो कामाचा नाही.

दुसऱ्या भेटीत त्याला त्याच्या आवारापासून दूर, अनोळखी रस्त्यावर न्या. स्वतःच्या अंगणात वाघ असलेली बरीच कुत्री इथं ढेपाळतात, आणि संकटात घर सोडावं लागलं तर तुमच्याजवळ असणार तो हाच, रस्त्यावरचा कुत्रा. मालकाला त्याचे कान, दात, पंजे हाताळून दाखवायला सांगा. मुलांना पहिल्या दिवशी नेऊ नका. कुत्रा तुम्हाला पसंत पडल्यावर न्या.

प्रश्न: नर की मादी? की दोन्ही?

उत्तर: एकच घ्या, आणि घरात लहान मुलं असतील तर मादी. ती थोडी हलकी आणि सहसा घराजवळ राहणारी असते. नसबंदी करून घ्या. माजावर आलेली कुत्री घरात असली की गल्लीतले नर कुंपणाशी ठाण मांडतात, आणि नर पाळलेला असेल तर तो त्या दिवसांत राखण विसरतो. मोठ्या जातीत नसबंदी कोणत्या वयात करावी हे पशुवैद्याला विचारा. फार लवकर केल्यास सांध्यांना त्रास होतो. दोन हवेतच असतील तर पहिला पूर्ण शिकल्यावर दुसरा, आणि तो विरुद्ध लिंगाचा. एकाच वेळी एकाच विणीतली दोन पिल्लं कधीच आणू नयेत. ती एकमेकांकडेच बघत वाढतात.

प्रश्न: महिन्याभराच्या साठ्यात कुत्र्याचं खाणं-पाणी किती धरायचं?

उत्तर: वजन किलोत घ्या, ३० नं गुणा, त्यात ७० मिळवा. पडून राहणाऱ्या कुत्र्याला रोज एवढे किलोकॅलरी लागतात. घरात वावरणाऱ्या, नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी त्याला १.६ नं गुणा. ३० किलोच्या कुत्र्याचा हिशेब असा: ९०० अधिक ७०, म्हणजे ९७०, गुणिले १.६, म्हणजे सुमारे १,५५०. कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात (नक्की आकडा पिशवीवर असतो), म्हणजे रोज ४०० ग्रॅमच्या आसपास आणि ३० दिवसांना १२ ते साडेबारा किलो. १५ किलोच्या कुत्र्याला याच हिशेबानं रोज सव्वादोनशे ग्रॅम. ४५ किलोपलीकडच्या कुत्र्यांना हे सूत्र लागू पडत नाही. कडाक्याच्या थंडीत बाहेर राहणाऱ्या किंवा दिवसभर पळणाऱ्या कुत्र्याला बरंच जास्त लागतं.

पाणी किलोमागे रोज ५० ते ६० मिली. ३० किलोला पावणेदोन लिटर, पण उकाड्यात हे दुप्पट होतं, म्हणून साठवताना तीन लिटर धरा. साठलेलं पुराचं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो कुत्र्याकडून माणसालाही होतो. त्याच्या लशीचे सुरुवातीला दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं आणि पुढे दरवर्षी एक असतो. पाणी चढायला लागल्यावर ही लस घेऊन उपयोग नाही.

खाद्य डब्यात ओतू नका. मूळ पिशवी तोंड गुंडाळून तशीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे तारीख हाताशी राहते आणि डब्याला लागलेलं जुनं तेल नव्या खाद्याला खवट करत नाही. फोडलेली पिशवी सहा आठवड्यांत संपवा. एकदम नव्या खाद्यावर आणलं की जुलाब लागतात, आणि संकटात जुलाब म्हणजे पाण्याचा साठा निम्मा, म्हणून नेहमीचंच खाद्य साठवा. बदल करावाच लागला तर सात दिवसांत थोडं थोडं मिसळत करा. माणसांच्या डब्यातलं द्यायची पाळी आली तर कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही वर्ज्य.

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक सांभाळा. दिवसभर उपाशी ठेवून रात्री एकदम भरपूर खायला घालणं आणि लगेच पळवणं टाळा. जठर फुगून पीळ पडतो. पोट टम्म, ओकारीचा प्रयत्न पण बाहेर काही नाही, लाळ गळतेय, एका जागी बसवत नाही अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपाय नाही. काही तासांत शस्त्रक्रिया झाली तरच वाचतो. म्हणून दोन वेळा थोडं थोडं.

प्रश्न: आमचा कुत्रा पान हललं तरी भुंकतो. रात्री तर उच्छाद. चोर आला तरी आम्हाला कळणार नाही.

उत्तर: ओरडणं आजपासून बंद करा, तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं, मालकही भुंकतोय. घरातल्या एकाला बाहेरून दार वाजवायला सांगा. तीन-चार वेळा भुंकू द्या, मग उठून दाराशी जाऊन बघा. तुम्ही बघितलंत हे त्याला दिसलंच पाहिजे. शांत आवाजात ‘बस’ (म्हणजे ‘पुरे’) म्हणा आणि खाऊ नाकाशी धरा. हुंगताना तोंड मिटतं. दोन सेकंद गप्प राहिला की द्या. पुढे पाच सेकंद, दहा, तीस. रोज दहा मिनिटं, तीन-चार आठवडे. अधूनमधून आवाज नसताना ‘बस’ म्हणू नका, शब्द बोथट होतो. खिडकीतून रस्ता दिसत असेल तर खालच्या अर्ध्या काचेवर कागद लावा; निम्मं भुंकणं तिथंच थांबतं. आणि तो साखळीला असेल तर आधी साखळी सोडा. दिवसभर बांधलेला कुत्रा सगळ्यावरच भुंकतो. जिथून कुंपण ओलांडायचा धोका असतो तिथं त्याचा वावर हवा.

प्रश्न: घर सोडून जावं लागलं तर कुत्र्याचं काय? निवाऱ्यात घेतील का?

उत्तर: आत्ताच चौकशी करा, कारण बरेच निवारे घेत नाहीत. २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळात अमेरिकेत कित्येक जण जनावरांना सोडून जायला तयार झाले नाहीत आणि मागेच राहिले. २००६ मध्ये तिथं आपत्कालीन आराखड्यांत पाळीव प्राण्यांची सोय धरण्याचा कायदा झाला. सगळीकडे तो नाही.

जिथं घेतात तिथंही राखणीचा कुत्रा गर्दीत नको असतो. म्हणून दोन गोष्टींची सवय आधीपासून लावा: पिंजऱ्यात झोपणं आणि जाळीचं मुसकं. मुसकं असं हवं की त्यातून तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. कापडी, तोंड आवळणारं मुसकं दोन-चार मिनिटांच्या कामापुरतंच, कारण कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. मुसक्याच्या आत खाऊ ठेवून त्यानं स्वतः तोंड घालावं, मगच पट्टा लावायचा; पंधरा दिवस लागतात.

पिशवीत लसीकरणाचं पुस्तक प्लास्टिकमध्ये, तुमच्यासोबतचा त्याचा फोटो, मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप) १५ अंकी क्रमांक, जादा पट्टा, सात दिवसांचं खाद्य, गोचीड काढायचा चिमटा, बँडेज, सलाइनची बाटली आणि थर्मामीटर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस असतं, अंग तापलंय असं समजून पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. ४१ च्या वर गेलं तर उष्माघात समजा: आधी अंगावर गार पाणी, वारा, आणि मग पशुवैद्य. चिप बसवली पण नोंदणीतला फोन नंबर जुनाच राहिला, ही चूक फार होते.

प्रश्न: चोर विष घातलेलं मांस टाकतात असं ऐकलं. काय करावं?

उत्तर: ‘अनोळखी हातचं खाऊ नको’ हे शिकवता येतं, पण भुकेल्या कुत्र्यावर पूर्ण विसंबू नका. जास्त भरवशाचं म्हणजे रात्री त्याला घरात किंवा कुंपणापासून आत ठेवणं आणि सकाळी सोडण्याआधी आवार फिरून बघणं. उंदराच्या विषांपैकी बरीचशी रक्त गोठू देत नाहीत आणि लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात, त्यामुळे ‘खाल्लं तरी ठणठणीत आहे’ म्हणून थांबू नका. मिठाचं पाणी पाजून ओकायला लावणं धोक्याचं आहे. उरलेला तुकडा, वेष्टन, ओकारी, जे सापडेल ते पिशवीत घालून कुत्र्याबरोबर पशुवैद्याकडे न्या. कोणतं विष हे कळलं तर उतारा तिथंच सुरू होतो.