दोरीवरचा तो कचरा

पत्र: ताई, मी ४२ वर्षांची, बँकेत नोकरी. डोकं शांत म्हणून होत नाही. सापुताऱ्याच्या पाच दिवसांच्या मौन शिबिरात नाव नोंदवलंय, पैसेही भरलेत. पण नवऱ्याची कुरकुर चालू आहे. सासूबाई तर दिवसभर गॅलरीत बसून असतात. कपड्यांच्या दोरीला वाळक्या पानांचा आणि जळमटांचा कचरा लोंबतोय, तोही काढू देत नाहीत. कपडे वाळत घालायची पंचाईत. जाऊ ना शिबिराला? – थकलेली, मांजलपूर, बडोदा

उत्तर: शिबिराचं नंतर. आधी तो कचरा.

त्याला बाजूला भोक आहे का? वर इवलासा छज्जा? मग ते शिंजिराचं घरटं आहे. पक्षी जेमतेम बोटभर, वजन दहा ग्रॅमच्या आत. घरटं मादी एकटी बांधते, कोळ्याच्या धाग्यांनी तुकड्याला तुकडा जोडत. अंडी बहुधा दोन. उबवतेही तीच, साधारण पंधरा दिवस. नर तोवर निळाजांभळा चमकत आसपास मिरवतो. पिल्लं बाहेर आली की किडे-कोळी आणून भरवायला लागतो. (उशिरा का होईना, लागतो.) विणीचा हंगाम सरला की त्याचा तो झगमगाट उतरतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते.

यातलं बरंचसं तुमच्या सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिलं असणार. तुम्ही लिहिता, ‘बसून असतात’. अहो, त्या बघत असतात! तुम्ही ज्यासाठी पैसे भरलेत ते त्यांना घरबसल्या मिळालंय, आणि तुम्हाला पडलीय ओल्या कपड्यांची. राग आला मला, खरंच. सयाजीरावांनी १८७९ साली या शहराला कमाटीबाग दिली; तिथे जाऊन बसा असंही मी सांगणार नाही. तुम्हाला सध्या तेही लांबच पडेल.

उद्या सकाळी दोन कप चहा करा आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसा. मोबाईल आत ठेवून. काही विचारू नका. मादी आत शिरण्याआधी कुठे थांबते, इकडेतिकडे कशी बघते, ते त्याच दाखवतील. घरट्याला हात लावायचा नाही, फोटोसाठी जवळ जायचं नाही. बिथरली तर अंडी टाकून जाईल. पिल्लं उडेपर्यंत रोज बसा. कपडे गच्चीवर वाळत घाला. आणि शिबिराचे पैसे परत मिळत असतील तर फोन आजच करा.