‘अ लिंक बिटवीन वर्ल्ड्स’ खेळण्याआधी जुना ‘अ लिंक टू द पास्ट’ खेळायलाच हवा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. निन्टेंडोच्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला मूळ ‘अ लिंक टू द पास्ट’ न खेळता थेट ‘अ लिंक बिटवीन वर्ल्ड्स’ हाती घेतला तर काही अडेल का, आणि हा दुसरा भाग खरोखर चांगला आहे की केवळ जुन्या चाहत्यांच्या आठवणींवर तगलेला आहे. पहिलीचे उत्तर थोडक्यात देते: काहीही अडणार नाही. राज्य तेच, हायरूल. पण मधे काही पिढ्या गेल्या आहेत, नायकाचे नाव लिंकच असले तरी मुलगा वेगळा आहे, आणि लागेल तेवढी पूर्वकथा गेम स्वतःच सांगतो. दुसरी गोष्ट मात्र माझ्या जिव्हाळ्याची आहे. माझ्या मामेभावाचे आणि माझे याच प्रश्नावरून गेली दहा वर्षे पटलेले नाही. त्याच्या मते हा दुसरा भाग म्हणजे शिळ्या कढीला आणलेला ऊत आहे. माझ्या मते तो साफ चुकतो, आणि का चुकतो हे सांगायचे तर मला २००३ च्या पावसाळ्यापासून सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षी जुलैमध्ये हा मामेभाऊ, म्हणजे माझा दादा, न्यू जर्सीहून आमच्याकडे साताऱ्याला सहा आठवड्यांसाठी राहायला आला. तो सोळा वर्षांचा होता आणि मी बारा वर्षांची. त्याच्याजवळ गेम बॉय ॲडव्हान्स हे हातात धरून खेळायचे यंत्र होते आणि आदल्या डिसेंबरातच अमेरिकेत त्यावर आलेली ‘अ लिंक टू द पास्ट’ची कॅसेट होती. मूळ गेम १९९१ साली जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर निघालेला. आमच्या घरात तो बारा वर्षांनी पोहोचला. त्या पहिल्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता आणि साताऱ्याच्या पावसात दिवसातून दोनदा तरी वीज जात असे, त्यामुळे मी शाळेतून आले की आम्ही दोघे माजघराच्या खिडकीशी बसून, पडद्यावर आभाळाचा उजेड पडेल असा तो तिरका धरून, आळीपाळीने खेळत होतो. दोन पेन्सिल सेल संपले की त्या दिवसाचा खेळ संपला, असा आईचा नियम होता.

सेल वाचवायचे म्हणून आम्ही नकाशा काढायला घेतला. हायरूलची जमीन आठ आडव्या आणि आठ उभ्या अशा चौसष्ट चौकोनांत बसते हे दादाच्या लक्षात आले, आणि माझ्या वहीतल्या आलेख कागदावर प्रत्येक चौकोनाला दोन सेंटिमीटर देऊन त्याने चौकट आखली. मधोमध राजवाडा, त्याच्या खाली लिंकचे घर, डावीकडे काकारिको गाव, उत्तरेला डेथ माउंटन, नैर्ऋत्येला वाळवंट, आग्नेयेला हायलिया सरोवर. पुढे अंधाराचे जग उघडले तेव्हा त्याच मापाचा बटर पेपर आणून त्यावर ते दुसरे जग काढले, कारण त्या जगात जिथे उभे राहून जादूचा आरसा वापरावा तिथेच आपण या जगात उतरतो. बटर पेपर आलेख कागदावर ठेवून दोन्ही उजेडाकडे धरले की कोणत्या कड्याखाली काय आहे ते दिसत असे. घड्यांवर चिकटपट्टी लावलेले ते दोन्ही कागद आजही माझ्या कपाटात आहेत.

डेथ माउंटनवरच्या ‘हेरा’ नावाच्या मनोऱ्यात आम्ही आठवडाभर अडकलो. माथ्यावर मोल्डॉर्म नावाची एक अळी आहे. तिचा जीव फक्त शेपटीच्या टोकात आहे. बाकी कुठेही तलवार मारली तर ती आपल्याला ढकलते, आपण खालच्या मजल्यावर पडतो, आणि वर चढून यावे तर ती पुन्हा ठणठणीत. एका संध्याकाळी दादा अकरा वेळा पडला. मी कंटाळून नकाशा रंगवत बसले होते, तेव्हा त्याने गेम माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘तू नुसती मधे उभी राहा, तिला येऊ दे.’ मी मधे उभी राहिले, ती वळली की शेपटीवर वार केला, आणि सहाव्या वाराला ती फुटली. मनोऱ्यातून मिळालेला चंद्रमोती आम्ही कागदावर पांढऱ्या खडूने काढला. तो नसेल तर अंधाराच्या जगात लिंकचा ससा होतो. हा ससा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

‘अ लिंक बिटवीन वर्ल्ड्स’ नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत आला. जपानमध्ये त्याचे नावच जुन्या गेमचे नाव आणि पुढे २ असे आहे, म्हणजे तो सरळसरळ दुसरा भाग म्हणूनच बनवला गेला. दादाने तो आठवड्याभरात संपवला आणि फोनवर निकाल दिला की जमीन तीच, संगीत तेच, मनोरा तोच, अळीसुद्धा तीच. पैसे घालवू नकोस. मी दोन वर्षे त्याचे ऐकले. २०१५ मध्ये पुण्यात नोकरी करत असताना एक वापरलेला थ्रीडीएस (चष्म्याविना त्रिमिती चित्र दाखवणारे निन्टेंडोचे हातातले यंत्र) मिळाला, तेव्हा मी गेम घेतला, कपाटातला आलेख कागद काढून टेबलावर पसरला आणि सुरुवात केली.

जमीन तीच आहे हे दादाचे म्हणणे अगदी खरे होते. बारा आणि सोळा वर्षांच्या हातांनी काढलेल्या नकाशावरून मी काकारिकोला गेले, सरोवराला गेले, आणि एकदाही चुकले नाही. पण त्यानंतर युगा नावाचा जादूगार लिंकला भिंतीवरच्या चित्रात कोंडतो, आणि लिंकला स्वतःहून भिंतीत शिरून चित्र होऊन सरकता येऊ लागते. इथेच दादाचा मुद्दा माझ्या दृष्टीने कोसळला. आमच्या आलेख कागदावर जिथे जिथे जाड पेन्सिलीने रेघ होती, म्हणजे जिथे कडा होता, तट होता, दरी होती आणि आम्ही ‘इथे संपले’ असे समजून पुढे गेलो होतो, त्यातल्या कितीतरी रेघा आता रस्ते झाल्या होत्या. लिंक भिंतीत शिरला की वरून पाहणारा कॅमेरा खाली उतरून समोर येतो. हेराच्या मनोऱ्यात बाहेरच्या गोल भिंतीवर चित्र होऊन मी सरकू लागले, तेव्हा ज्या मनोऱ्याचे मी बारा वर्षांपूर्वी फक्त माथ्यावरून मजले मोजले होते, त्याची बाहेरची बाजू प्रथमच दिसली आणि मागे दूरवर डोंगर दिसले. त्या क्षणी मी हातातला गेम खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते. नकाशा पाठ नसता तर ती जागा चांगली वाटली असती. नकाशा पाठ होता म्हणून ती नवी वाटली. ज्याला जमीन ठाऊक आहे त्यालाच ती बदलल्याचे कळते, आणि म्हणून जुनी जमीन पुन्हा वापरणे हा आळस नव्हता, तो या गेमचा पायाच आहे. भिंतीत शिरण्याची कल्पना आधी सुचली आणि तिला जुन्या गेमची जमीन नंतर दिली गेली, असे बनवणाऱ्यांनी सांगितले आहे. हे दादाला मी त्याच वेळी सांगितले होते.

मोल्डॉर्म पुन्हा भेटली तेव्हा मी मधे उभी राहिले.

वरून पाहण्याच्या या पद्धतीमागे किती काम आहे तेही सांगायला हवे. पूर्वी सपाट चित्रे होती, त्यामुळे डोके आणि चेहरा एकत्र दाखवणे चित्रकाराच्या हातात होते. इथे सारे काही त्रिमितीत आहे, आणि खरोखर वरून पाहिले तर फक्त टाळू दिसेल. म्हणून त्यांनी माणसे, झुडपे, पेटारे असे सगळे किंचित मागे रेललेले बनवले आहे. बाजूने पाहिले तर सगळे गाव कललेले दिसेल, पण वरून जुन्या गेमसारखेच सरळ दिसते. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, त्रिमिती चालू असतानाही, त्यामुळे तलवार दाबल्याक्षणी फिरते. जुन्यासारखे दिसण्यासाठी एवढी मेहनत घेणाऱ्यांना आळशी म्हणणे मला मान्य नाही.

दादाची दुसरी तक्रार वस्तूंबद्दल होती, आणि तिच्यात तथ्य अधिक आहे. जुन्या गेममध्ये धनुष्य, हातोडा, हुकशॉट (साखळीला लावलेला आकडा) या वस्तू एकेका डंजनच्या, म्हणजे कोड्यांनी आणि शत्रूंनी भरलेल्या बंदिस्त जागेच्या, पोटात सापडतात. इथे रॅव्हिओ नावाचा एक व्यापारी लिंकच्याच घरात येऊन दुकान थाटतो आणि बहुतेक वस्तू भाड्याने देतो. लिंक मेला की रॅव्हिओचा पक्षी येऊन भाड्याच्या साऱ्या वस्तू परत घेऊन जातो. पुढे त्या विकतही घेता येतात, पण एकेका वस्तूला शेकडो रुपी मोजावे लागतात. (तिथल्या चलनाचे नाव रुपी आहे, आणि २००३ मध्ये पडद्यावर ते वाचून मला झालेला आनंद मी विसरलेले नाही.) दादा म्हणतो की यामुळे डंजनमध्ये काही सापडण्याची गंमत गेली. थोडी गेली, हे मी मान्य करते. पण त्या बदल्यात दोन गोष्टी आल्या. मरण्याला किंमत आली; नाहीतर जुन्या गेममध्ये मेल्यावर पुन्हा उभे राहणे फारसे महाग नव्हते. आणि लोरूल या, हायरूलचे प्रतिबिंब असलेल्या, दुसऱ्या राज्यातली डंजने कोणत्या क्रमाने करायची हे आपल्या हाती आले. जुन्या गेमच्या नकाशावर १ ते ७ असे आकडेच घातलेले होते. इथे लोरूलची जमीन दऱ्यांनी तुटलेली आहे, एका तुकड्यावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही, आणि दोन राज्यांना जोडणाऱ्या, भिंतींतल्या कोणत्या भेगेतून शिरले की कोणता तुकडा मिळेल हे दोन्ही नकाशे एकावर एक ठेवूनच शोधावे लागते. माझा बटर पेपर मी त्या आठवड्यात दुसऱ्यांदा काढला. थ्रीडीएसच्या खालच्या पडद्यावर बोट लावले की दोन्ही राज्यांचे नकाशे आलटून-पालटून दिसतात आणि खुणाही करता येतात, पण मला कागदच हवा होता.

पुढे एकदा बोलता बोलता दादाने सांगितले की लोरूलमध्ये तो फोनवर मार्गदर्शन उघडून, त्यात दिलेल्या क्रमाने गेला होता. वाटाड्या सोबत घेऊन चालणाऱ्याने वाट फार सोपी होती असे म्हणू नये, एवढेच मी त्याला तेव्हा म्हणाले आणि आजही म्हणते. जो गेम निवड आपल्या हाती देतो, त्यात निवड दुसऱ्याकडून करून घेतली तर उरते ती खरोखरच शिळी कढी. तुम्हीही हा गेम घेतलात तर निदान पहिल्या खेपेला मार्गदर्शन उघडू नका.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे परत येते, कारण मघाशी दिलेले उत्तर अपुरे आहे. जुना गेम न खेळता कथा कळेल, पण रॅव्हिओच्या डोक्यावर सशाच्या कानांची टोपी का आहे हे लक्षात येणार नाही, आणि शेवट पाहताना ती टोपी फार मोलाची ठरते. जुन्या गेममधले अंधाराचे जग खलनायक गॅननच्या इच्छेने बिघडलेले होते, त्याला स्वतःचे असे दुःख नव्हते. लोरूल मात्र स्वतःची राजकन्या हिल्डा असलेले, स्वतःच्या पूर्वजांच्या निर्णयाने ओसाड होत चाललेले राज्य आहे, आणि या दोन जगांतला फरक जाणवायचा तर पहिले पाहिलेले असावे लागते. म्हणून माझा सल्ला असा की आधी जुना खेळा, नकाशा हाताने काढा, आणि सहा महिने मधे जाऊ देऊन मग दुसरा हाती घ्या.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. दुसरा भाग सोपा आहे. जुना गेम पचवलेल्याला पंधरा-वीस तासांत संपेल. कोणतेही डंजन आधी करता येत असल्याने प्रत्येक डंजन त्याच्या एका मुख्य वस्तूवर सुटेल असेच बांधावे लागले आहे, त्यामुळे चार वस्तू एकत्र वापरून सुटणारी अवघड कोडी इथे फारशी नाहीत. दादाचे हे म्हणणे बरोबर आहे आणि मी ते त्याच्याजवळ कधी कबूल केले नव्हते. एकदा संपवल्यावर हीरो मोड उघडतो, त्यात शत्रूंचा मार चौपट बसतो. अवघड हवे असेल तर तिथे खेळा. जुना गेम आज निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर ऑनलाइन वर्गणीत मिळतो. थ्रीडीएसचे ई-शॉप हे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद झाले, त्यामुळे दुसऱ्यासाठी वापरलेली कार्ट्रिजच शोधावी लागेल. थ्रीडीएसला विभागाचे बंधन आहे: अमेरिकेतल्या यंत्रावर जपानी किंवा युरोपातली कार्ट्रिज चालत नाही. मला पुण्यात एका दुकानदाराने हे न सांगता दुसऱ्याच विभागाची कार्ट्रिज दिली होती आणि ती बदलून मिळायला तीन आठवडे गेले. यंत्र कोणत्या विभागाचे आहे ते आधी पाहून घ्या, आणि दुकानातच गेम सुरू करून मगच पैसे द्या.