बालगृहातली मुलगी १८ ची होतेय, बाहेरच्या आयुष्यासाठी तिची तयारी कशी करून घेऊ?

तुम्ही लिहिलंय की ओळखीच्या बालगृहातली मुलगी काही महिन्यांत १८ ची होतेय आणि तिला काय काय शिकवावं कळत नाहीये. मी पुण्यात एका बालगृहात बरीच वर्षं रविवारी मुलींचा अभ्यास घ्यायला जाते, त्यावरून सांगते.

आधी कागदपत्रं. अनाथ प्रमाणपत्र ती आत असतानाच काढून घ्या, नंतर जुन्या फायली शोधत हेलपाटे घालायची ताकद एकट्या पोरीत नसते. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, पण हे प्रमाणपत्र नसेल तर त्याचा उपयोग शून्य. आधारवर पत्ता संस्थेचा असतो, बँकेचं खातं मायनरचं असतं, तेही बघा. आणि १८ झाली की लगेच बॅग भरायची असं काही नाहीये, बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४६ मध्ये पुढच्या मदतीची सोय आहे, अनुरक्षण गृहात, म्हणजे बालगृहातून १८ नंतर बाहेर पडणाऱ्यांसाठीच्या वसतिगृहात, साधारण २१ पर्यंत राहता येतं, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून महिना ४००० रुपयांची तरतूद आहे. बाल कल्याण समितीकडे (बालगृहातल्या मुलांबद्दलचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात आत्तापासूनच मागे लागा, वाढदिवसाची वाट बघू नका.

आता शिकवायचं म्हणाल तर बघा, या मुलींना आजवर कुणी काही ठरवूच दिलेलं नसतं. घंटा वाजली की जेवण, कपडे देणगीतले, साबण स्टोअरमधून. आमच्याकडच्या मुली साठ जणींचा भात सहज लावतात पण एकटीला किती तांदूळ घ्यायचे विचारलं तर एकमेकींकडे बघतात. म्हणून तिला दर आठवड्याला थोडे पैसे हातात द्या, भाजी, रिचार्ज, पॅड सगळं तिनेच आणायचं, गुरुवारीच संपले तरी ओरडू नका आणि लगेच भरूनही देऊ नका, आत्ता संपलेले परवडतात, खोलीचं भाडं थकलं की नाही परवडत. खोली बघायला एकदा सोबत न्या, डिपॉझिट, अॅग्रीमेंट समजावून सांगा, आणि "घरी कोण कोण असतं?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं तेही तिच्याशी बोलून ठेवा, तो प्रश्न प्रत्येक घरमालक विचारतोच.

आणि दिवाळीत होस्टेलची मेस बंद होते, सगळ्या मुली गावी जातात, तेव्हा ही कुठे जाणार ते आत्ताच ठरवा. तुमच्या घरी येणार असेल तर तिला तसं आधीच स्पष्ट सांगून टाका, आपणहून ती कधीच विचारणार नाही.