तळ्याकाठचा लव्हाळा उपटावा का?

प्रश्न : आमच्या सोसायटीमागे ओढ्याचे पाणी अडून एक लहान तळे झाले आहे. त्याच्या काठाने कमरेएवढे हिरवेगार गवत दाटले असून त्याची काडी हाताला तिकोनी लागते. सासूबाई त्याला लव्हाळा म्हणतात. पण आमच्या लॉनमधला लव्हाळा तर वीत-दीड वीतच वाढतो. या गवतामुळे डास होतात, म्हणून ते उपटून काठ दगडांनी बांधून घ्यावा, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. हे नेमके काय आहे आणि ते काढावे का?
— एक वाचक, पाषाण, पुणे

उत्तर : आपल्या सासूबाईंचे बरोबर आहे. ही वनस्पती गवतासारखी दिसत असली, तरी ती गवताच्या कुळातील नाही. उटण्यातला नागरमोथा ज्या मुस्तक कुळातून येतो, त्याच कुळातील ती आहे. जगभरात या कुळाच्या सुमारे ५,५०० जाती असून प्राचीन इजिप्तमध्ये ज्याच्या गाभ्यापासून लेखनपत्रे करीत, तो पपायरसही त्यांपैकीच एक. लॉनमधला लव्हाळा आणि तळ्याकाठचा लव्हाळा हे चुलत भाऊबंद म्हणावेत. लॉनमधला खरोखरच चिवट तण आहे, कारण त्याचे कंद जमिनीत बारीक दोऱ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि वरचा भाग ओढला की दोरा तुटून मागे राहिलेला कंद नव्याने फुटतो. त्या तणाचा राग तळ्याकाठच्या लव्हाळ्यावर काढू नये, एवढी विनंती सुरुवातीलाच करतो.

खात्री करायची असल्यास एक काडी ब्लेडने आडवी कापून पाहावी. गवताची काडी बहुधा गोल, पोकळ आणि पेरांची असते. या कुळातील बहुतेक जातींची काडी तिकोनी, भरीव आणि बिनपेरांची असते. रोपाकडे वरून पाहिले तर पाने तीन दिशांना गेलेली दिसतात, गवतात ती दोनच दिशांना असतात. नेमकी जात तुरा व फळ पाहून ठरते, त्यासाठी तुऱ्यासह एक रोप वर्तमानपत्रात दाबून वाळवावे आणि पुण्यातच असलेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे विचारणा करावी.

कापलेल्या काडीच्या आत पांढरा, स्पंजासारखा गाभा दिसेल. त्यातील बारीक पोकळ्यांमधून हवा थेट चिखलातल्या मुळांपर्यंत पोहोचते. एरवी त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. मुळांतून जो थोडा झिरपतो, त्यावर सांडपाण्यातील घाण कुजवणारे जिवाणू जगतात. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी मुद्दाम पाणथळी तयार करतात, त्यांत अशा वनस्पती लावण्याचे हे एक कारण आहे. शिवाय आडव्या पसरणाऱ्या खोडांचे आणि मुळांचे जाळे काठची माती धरून ठेवते. महापुरात झाडे जातात आणि लव्हाळे वाचते, असे आपल्याकडे म्हणतात, ते याच रचनेमुळे : काडी पाण्याला अडवत नाही, लवते, आणि पाणी ओसरले की तीच किंवा खोडातून फुटलेली नवी काडी उभी राहते. बाणेर-पाषाणच्या टेकड्यांवरून पावसाळ्यात जोराने उतरणारे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

डासांविषयीची काळजी अनाठायी नाही, मात्र तिचे मूळ बहुधा दुसरीकडे असते. पुण्यात संध्याकाळी त्रास देणारे क्युलेक्स डास साचलेल्या घाण पाण्यात वाढतात, म्हणून आपल्या तळ्यात एखादे ड्रेनेज मिसळते आहे का, हे सर्वप्रथम तपासावे आणि तसे असल्यास ते बंद करून घ्यावे. चतुराच्या अळ्या पाण्यात डासांच्या अळ्या खातात आणि पंख फुटण्याच्या वेळी अशाच काड्यांवर चढून बाहेर येतात. काड्याच काढल्या, तर हा उपयोगी कीटकही जाईल. लव्हाळा फार दाट झाला, तर मात्र त्यात पाणी कोंडून डासांच्या अळ्यांना आडोसा मिळतो, त्यामुळे तो अधूनमधून विरळ करणे आवश्यक आहे.

विरळ करण्याचे काम थंडीत करावे, कारण पाणकोंबडीसारखे पक्षी पावसाळ्यात अशा झुडपांत घरटी करतात. जो भाग ठेवायचा आहे, तो पाण्याच्या पातळीच्या वर कापावा. पाण्याखाली कापल्यास हवेचा मार्ग बंद होऊन मुळे गुदमरतात आणि रोप मरते, म्हणून जो भाग काढायचा आहे तो पाण्याखालीच कापावा. कापलेल्या काड्या पाण्यात टाकून देऊ नयेत, त्या कुजून पाणी पुन्हा बिघडवतात. जलपर्णी मात्र दिसताक्षणी काढावी. रुंद, चपटी पाने आणि तपकिरी दंडगोल कणसे असलेले पाणकणीसही वेळीच आवरावे, ते उथळ तळे भराभर व्यापते.

दगडी काठ टाळता आला तर उत्तमच. इमारतीच्या पायाला धोका असल्यामुळे तो बांधणे भागच असेल, तर फक्त त्या बाजूला बांधावा, दगडांच्या फटी सिमेंटने भरू नयेत आणि ओढा तळ्यात शिरतो तेथील लव्हाळ्याला हात लावू नये.