दातांच्या आतल्या (जिभेकडच्या) बाजूच्या ब्रेसेस: सुरुवातीचे दिवस

पहिले 2-3 आठवडे जीभ सोलवटणार आणि ‘स’, ‘श’ घसरणार, हे धरूनच चला. रोज थोडा वेळ मोठ्याने वाचा. गप्प बसलात तर बोबडेपणा लांबतो. जीभ घासू नये म्हणून ब्रॅकेटवर (दाताला चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) ब्रेसेसचं मेण लावतात. ते लावण्याआधी ब्रॅकेट कापसाने कोरडं करा, मग वाटाण्याहून लहान गोळी दाबून बसवा. ओल्यावर लावलेलं मेण घासाबरोबर निघतं (चुकून गिळलं तरी घाबरू नका).

वरचे दात खालच्यांवर खोल उतरत असतील तर खालचे दात वरच्या ब्रॅकेटवर आपटतात आणि ते सुटतं. म्हणून डॉक्टर दाढांवर कॉम्पोझिटचे (दातात भरतात त्या दातरंगी मसाल्याचे) उंचवटे देतात. चावायला वैताग येतो, पण काढायला लावू नका. सफाईला छोटा दंतआरसा आणि इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटींत जाणारा बारीक ब्रश) हवाच. सुटलेलं ब्रॅकेट तारेवर तसंच राहू द्या, ओढू नका. क्लिनिकला फोन करा.