वाचक विचारतात : मैत्रीवरचे चार महिने

अंटार्क्टिकावरच्या कामाबद्दल वाचकांची पत्रं आली. त्यातल्या तिघांना इथे उत्तर देतो. मी इचलकरंजीचा, जनरेटर मेकॅनिक. 'मैत्री' या भारतीय तळावर दोन उन्हाळे आणि एक अख्खा हिवाळा काढला. तिथला उन्हाळा म्हणजे आपल्याकडचे नोव्हेंबर ते मार्च, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

मुलगा २४ वर्षांचा आहे. आयटीआय डिझेल मेकॅनिक, सध्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात आहे. अंटार्क्टिकाला चार महिन्यांच्या कामाला जायचं म्हणतो. ओळखीतला एक जण म्हणतो, पन्नास हजार द्या, नाव लावून देतो. द्यावेत का? आणि तिथे ट्रॅक्टरवाल्या पोराचं काय काम? — एक आई, बार्शी

ताई, आधी पैशांचं. एक रुपयाही देऊ नका. ही माणसं गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र निवडतं. वास्कोजवळ हेडलँड सड्यावर त्यांचं कार्यालय आहे. जाहिरात त्यांच्या संकेतस्थळावर लागते, काम कंत्राटी असतं आणि मुलाखत घेऊन माणूस निवडतात. यात मधल्या माणसाला कुठेच जागा नाही. पद, शिक्षण, अनुभव, वय, मानधन सगळं जाहिरातीत छापलेलं असतं. ते मुलाने स्वतः वाचावं. गॅरेजमालकाकडून अनुभवाचं पत्र घेताना मात्र 'गाडीदुरुस्तीचं काम केलं' एवढ्यावर थांबू नये. कोणती इंजिनं उघडली, हायड्रॉलिकचं काम केलं का, वेल्डिंग हाती आहे का, हे त्यात यायला हवं.

आता ट्रॅक्टरचं. अंटार्क्टिका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शास्त्रज्ञ येतात. पण त्यांची यंत्रं विजेवर चालतात आणि ती वीज आम्ही पुरवतो. वाहन मेकॅनिक, जनरेटरवाला, वेल्डर, सुतार, इलेक्ट्रिशियन, क्रेनवाला, बॉयलरवाला, आचारी असे सगळे मोहिमेत असतात. मैत्री शिर्माकर नावाच्या खडकाळ पट्ट्यात आहे. १९८९ साली बांधलेला हा तळ लोखंडी पायांवर उभा आहे. समोरच्या प्रियदर्शिनी तळ्यातून पाणी येतं. समुद्र मात्र तिथून जवळपास १०० किलोमीटर. जहाज हिमपट्टीच्या, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाच्या, कडेला लागतं, आणि तिथून इंधन, धान्य, सुटे भाग असं सगळं मोठ्या घसरगाड्यांवर लादून आणावं लागतं. त्या ओढायला पिस्टनबुली नावाची पट्ट्यांवर चालणारी जर्मन वाहनं असतात. इंजिन, हायड्रॉलिक, पट्टे. ज्या पोराने उसाच्या हंगामात रात्री-अपरात्री ट्रॉलीखाली पडून जॅक दुरुस्त केला असेल, त्याचा हात पिस्टनबुलीवर चार दिवसांत बसतो.

कौशल्य तेच लागतं, वेग तेवढा निराळा. थंडीत रबरी होज ताठ होतो आणि वाकवला की चिरतो. वायरीचं वेष्टण काचेसारखं तुटतं. बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो. उघड्या हाताने पाना धरला तर कातडी लोखंडाला चिकटते, म्हणून आत पातळ आणि वर जाड असे दोन हातमोजे घालायचे. साधं डिझेल त्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं, म्हणून आम्ही विमानाचं इंधन वापरत होतो. एक नट हातातून बर्फात पडला तर तो गेलाच समजा, आणि दुसरा आणायला तिथे बाजारपेठ नाही. बार्शीत दहा मिनिटांत होणाऱ्या कामाला तिथे तासभर लागतो, आणि त्या तासाबद्दल कुणी बोल लावत नाही. घाई करणाऱ्याला मात्र लावतात.

तेल जमिनीवर सांडू द्यायचं नाही, हाही नियम आहे. १९९१ च्या माद्रिद करारानुसार तिथला कचरा तिथे टाकता येत नाही. मशीनखाली तबक ठेवायचं, तेलाने माखलेली चिंधीसुद्धा पिंपात भरायची आणि ती जहाजाने परत आणायची. पहिल्या आठवड्यात हे जड जातं. नंतर घरी आल्यावर गॅरेजच्या दारातलं काळं डबकं बघवत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मुलाला वाचून दाखवा.

पहिल्या उन्हाळ्यात जहाज आलं तेव्हा आम्ही दिवसाला बारा-चौदा तास राबत होतो. डिसेंबरात तिथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे किती वाजले ते शरीराला कळत नाही. अशाच एका पाळीत इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची सहा पिंपं उन्हाळी झोपड्यांच्या मागे उतरवली. रीत अशी की प्रत्येक साठ्याशेजारी उंच बांबू रोवायचा, त्याला रंगीत फडकं बांधायचं आणि जागा वहीत लिहायची. मी म्हटलं, जेवून येतो, मग करतो. जेवलो आणि झोपलो. बांबू राहिला, वहीतली नोंदही राहिली. मार्चमध्ये मी घरी परतलो.

जुलैत तळावरून फोन आला. तिकडे तेव्हा सूर्य उगवत नव्हता. एका जनरेटरची कूलंटची पातळी खाली गेली होती आणि राखीव साठा सापडत नव्हता. दोन माणसं डोक्याला दिवे बांधून तीन दिवस बर्फ खणत होती. मला आठवत होतं तेवढं मी सांगितलं. झोपडीच्या मागे, क्रेनच्या अंगाला, साधारण वीस पावलं. चौथ्या दिवशी पिंपं सापडली. ते माझ्यावर ओरडले नाहीत. फोनवरचा माणूस एवढंच म्हणाला, 'दादा, बांबू लावत जा.'

पुढे मी स्वतः हिवाळ्याला थांबलो तेव्हा त्या वाक्याचं वजन कळलं. फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चमध्ये जहाज जातं, विमानं थांबतात आणि मागे पंचवीसेक माणसं उरतात. उन्हाळ्यात आलेल्यांनी जे भरून ठेवलं, दुरुस्त केलं, लिहून ठेवलं, तेच त्यांच्या हाती असतं. नळाची उष्ण राहणारी पाइप नीट गुंडाळली असेल तर त्यांना जुलैत पाणी मिळतं. फिल्टर कोणत्या फळीवर आहेत ते वहीत असेल तर अंधारात अर्ध्या तासात बदलता येतात. चार महिन्यांचा माणूस तिथे खरं म्हणजे आपण निघून गेल्यानंतरच्या आठ महिन्यांसाठी काम करत असतो. तुमच्या मुलाला ही जाणीव असेल तर त्याला जरूर पाठवा.

भांडी घासायची तयारी हवी. आचारी असतो, पण 'गॅली ड्युटी' सगळ्यांना आळीपाळीने लागते, त्यात मोहिमेचा नेताही आला. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्याबरोबर भांडी घासायला एक हिमनदीतज्ज्ञ होते. बर्फाचे थर कसे मोजतात ते त्यांनी परातीत पीठ पसरून दाखवलं. घरी पोळ्या लाटायला मदत करणाऱ्या पोराला तिथे फार लवकर मान मिळतो, हे मी अनुभवाने सांगतो.

त्याला बरोबर काय द्यावं, तेही सांगतो. सामानाला वजनाची मर्यादा असते. मेतकूट द्या, ते हलकं आणि भातावर सगळ्यांना आवडतं. ओठांना लावायला व्हॅसलीन भरपूर द्या, कारण तिथली हवा इतकी कोरडी की बोटांच्या पेरांना चिरा पडतात. झोपेसाठी डोळ्यांवरची काळी पट्टी द्या.

मी एम.एस्सी. भूशास्त्र करते आहे. मला अंटार्क्टिकावर संशोधनाला जायचं आहे. घरचे म्हणतात, ते पुरुषांचं काम. — एक वाचक, कराड

घरच्यांना १९८३ सालची गोष्ट सांगा. तिसऱ्या भारतीय मोहिमेत अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता अशा दोन स्त्रिया होत्या. नागपूरला जन्मलेल्या पंत समुद्रवैज्ञानिक. सेनगुप्ता भूशास्त्रज्ञ, म्हणजे थेट तुमच्याच विषयाच्या, आणि त्यांनी काम केलं ते शिर्माकरच्या खडकांवर. तेव्हा मैत्री नव्हतीच. हिमपट्टीवरचा 'दक्षिण गंगोत्री' हा पहिला भारतीय तळ त्याच मोहिमेत उभा राहिला आणि पुढे तो बर्फात बुडत गेला. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर इस्रोच्या मंगला मणी. २०१६-१७ मध्ये वयाच्या ५६ व्या वर्षी त्या अंटार्क्टिकावरच्याच 'भारती' या भारतीय तळावर चारशेहून जास्त दिवस राहिल्या, हिवाळ्यासकट.

तुमची वाट आमच्या वाटेपेक्षा वेगळी आहे. संशोधक संस्थेच्या किंवा विद्यापीठाच्या प्रकल्पातून जातात. म्हणून ध्रुवीय प्रकल्प कुणाकडे आहे ते आधी आपल्या प्राध्यापकांना विचारा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं पहिल्या मोहिमेपासून जात आहेत, तीही एक वाट. आणि ट्रेकची सवय ठेवा. मी पाहिलेले भूशास्त्रज्ञ पाठीवर दगडांची पिशवी घेऊन दिवसभर त्या टेकड्यांवर हिंडत असत.

माझे पती इलेक्ट्रिशियन म्हणून उन्हाळी मोहिमेसाठी निवडले गेले आहेत. वैद्यकीय तपासणी झाली, पुढच्या महिन्यात उत्तराखंडात औलीला प्रशिक्षण आहे. तिथे आजारी पडले तर काय, या विचाराने मला झोप नाही. — एक पत्नी, पेण

वहिनी, तुमची काळजी रास्त आहे. माझ्या बायकोनेही हेच विचारलं होतं.

दिल्लीच्या एम्समधली तपासणी फार कसून होते. ती पार झाली म्हणजे हृदय, रक्तदाब, साखर, पोट सगळं बघून झालं आहे. औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांचे जवान बर्फावर चालणं, दोरी लावणं आणि अडकलेल्याला वर काढणं शिकवतात. तिथे शिकलेली दोरीची गाठ मला पुढे वादळात इमारतीपासून जनरेटरच्या खोलीपर्यंत जाताना रोज लागली.

तळावर डॉक्टर असतात. उन्हाळ्यात विमानंही येतात. केपटाउनहून निघालेलं इल्युशिन सहाएक तासांत जवळच्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरतं, तुमचे पतीही बहुधा त्यानेच जातील. म्हणजे गरज पडली आणि हवा चांगली असली तर माणसाला बाहेर काढता येतं. ही सोय पूर्वी नव्हती. मैत्रीपासून पाचएक किलोमीटरवर रशियाचं नोवोलाझारेव्हस्काया आहे. १९६१ च्या एप्रिलमध्ये तिथले एकुलते एक डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह यांचं अपेंडिक्स सुजलं. विमान येणं शक्य नव्हतं. त्यांनी एका सहकाऱ्याला आरसा धरायला लावला, दुसऱ्याकडे हत्यारं दिली आणि स्वतःचं ऑपरेशन स्वतःच्या हाताने केलं. जवळजवळ दोन तास लागले. ते बरे झाले आणि दोन आठवड्यांत कामावरही आले. त्या तळावर गेलो तेव्हा मी बराच वेळ गप्प उभा होतो.

मला तिथे आजारापेक्षा आगीची भीती जास्त वाटायची. हवा कोरडी, वारा जोराचा आणि विझवायला हाताशी पाणी कमी. तुमचे पती इलेक्ट्रिशियन आहेत, म्हणून त्यांना माझा एक निरोप द्या. सैल झालेली एकही जोडणी उद्यावर ढकलू नका, आणि झोपड्यांतले हीटर रोज रात्री स्वतः हात लावून बघा. निघण्याआधी दात दाखवून घ्या, दुखरी दाढ असेल तर आत्ताच काढा.

आणि तुमच्यासाठी. आता उपग्रहावरून फोन लागतो. फोनचा वार आणि वेळ ठरवून घ्या, पण हेही ध्यानात ठेवा की वादळ आलं की दोन-तीन दिवस कुणी बाहेर पडत नाही आणि कधी कधी फोनही लागत नाही. माझ्या वेळी एकदा चार दिवस लागला नव्हता. तेव्हा बायकोने गोव्याच्या कार्यालयात फोन केला आणि तिथून तिला तळाची खुशाली समजली. तो नंबर आजच लिहून भिंतीवर लावून ठेवा.