मनाला कौल लावण्याआधी

प्रिय भगिनी,

मुलुंडहून फोर्टच्या विमा कार्यालयात १८ वर्षे ये-जा केल्यावर आता वांद्रे-कुर्ला संकुलातील मुख्य कार्यालयात बढती चालून आली असताना, तुमचे मन ‘नको’ म्हणते आहे. नोकरी सोडून मुलांच्या शिकवण्या घेतल्या तर आयुष्याला काही अर्थ येईल असे तुम्हाला वाटते, आणि हा आतला आवाज खरा की केवळ नव्या जबाबदारीची भीती, असे तुम्ही विचारता.

तुमचे माहेर मालवणकडचे, म्हणून तिकडचाच दाखला देते. ग्रामदेवतेला कौल लावताना दोन प्रश्न एकत्र विचारले, तर मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांपैकी पडलेली पाकळी नेमक्या कशाचे उत्तर आहे हे कळणार नाही. बढती नाकारावी का आणि शिकवण्या घ्याव्यात का, असे दोन प्रश्न तुम्ही मनाला एकदम विचारले आहेत.

डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांची अंतःप्रेरणेविषयीची मते एकमेकांच्या विरुद्ध होती. तरीही २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या लेखात, ज्या कामात काही नियमितता असते आणि दीर्घ सरावात आपले काय चुकले हे माणसाला कळत गेलेले असते, तेथेच असा कौल भरवशाचा ठरतो, यावर त्यांचे एकमत झाले. मनाला वाटणारी खात्री हा पुरावा नव्हे, हेही त्यांनी बजावले. विम्याच्या कामाचा तुम्हाला १८ वर्षांचा अनुभव आहे, म्हणून बढतीबद्दलचा तुमचा नकार मी गंभीरपणे घेईन. शिकवण्या तुम्ही कधी घेतलेल्याच नाहीत. तेथे मन बोलते ती अजून इच्छाच आहे.

तुमच्या पत्रातील एक वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचले. पतीच्या निधनानंतर क्लेमसाठी आलेल्या एका बाईंचे कागद लावून देण्यासाठी तुम्ही सायंकाळी उशिरापर्यंत थांबलात आणि त्या दिवशी गर्दीच्या गाडीतही शिणवटा जाणवला नाही, असे तुम्ही ओझरते लिहून पुढे गेला आहात. आपली मूल्ये कोणती, हे कागदावर ‘प्रामाणिकपणा, कुटुंब, सेवा’ असे शब्द मांडून फारसे कळत नाही. कोणी सांगितले नसताना आपण कशासाठी थांबलो, यावरून ते कळते. मला वाटते, तुम्हाला अडलेल्या माणसासमोर बसायचे आहे, आणि नव्या पदावर केवळ अहवाल तपासायचे असल्यामुळे मन मागे सरते आहे.

तेव्हा राजीनामा आज देऊ नका. घराच्या कर्जाचे हप्ते अजून सहा वर्षे आहेत आणि त्याबद्दल यजमानांना वाटणारी काळजी रास्त आहे. बढतीला उत्तर देण्यापूर्वी, लोकांशी थेट संबंध येईल असे पद शाखेतच मिळेल का, हे वरिष्ठांना स्पष्ट विचारा. शनिवारी तुम्हाला सुट्टी असते. तीन महिने शेजारच्या दोन मुलांना शिकवून पाहा आणि घरी परतताना कसे वाटले, ते त्याच रात्री वहीत लिहा. ती वही भरली की मला पुन्हा पत्र पाठवा.